पाठीमागचा काउंटर

२ फेब्रुवारी, सोमवार

कुलपं आली! सकाळी शटर वर जायच्या आधीच दोन माणसं ड्रिल घेऊन हजर. दुपारपर्यंत दाढीची पाती, कॉफीच्या बाटल्या, बाळाच्या दुधाची पावडर, महागडे शाम्पू – सगळं काचेआड. चीजचा तर अख्खा फ्रिजच कुलूपबंद. किल्ल्यांचा जुडगा साहेबांनी माझ्या हातात दिला. का, तर मी सगळ्यात जुनी. चौदा वर्षं काउंटर नंबर तीनवर बसतेय, त्याचा हा मान. म्हणजे कुणाला पाती हवी असली की मी रांग तशीच सोडून उठायचं, कपाट उघडायचं, परत येऊन बिल करायचं. रांगेतले लोक माझ्याकडे असे बघणार की मी आत्ताच त्यांच्या जमिनीवर कब्जा केलाय!

चौथी म्हणाली, "आता तू येतेस ते लांबूनच खुळखुळतं. चोरांची बरी सोय झाली."

चौथी म्हणजे काउंटर नंबर चारवाली. मी तिसरी. पगाराचा कागद सोडला तर आमची खरी नावं या दुकानात कुणाला आठवत नाहीत.

मागच्या वर्षापर्यंत इथे चोरी म्हणजे शाळेतल्या पोरांनी लांबवलेल्या चार गोळ्या. आता रोज काहीतरी जातं. रिकामी खोकी फडताळामागे कोंबलेली सापडतात. साहेब म्हणतात, सगळीकडेच वाढलंय. सगळीकडे वाढलंय म्हणून आम्ही गप्प बसायचं की काय!

३ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभरात एक्केचाळीस वेळा उठले. गुडघे बोलायला लागलेत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फार लागलं मनाला. मोत्याच्या कुड्या घालणारी बाई – दहा वर्षांचं गिऱ्हाईक. मला नेहमी 'गुडघे काय म्हणतायत' म्हणून विचारणारी, एवढ्या गर्दीत तेवढी एकटीच. आज ती बाहेर पडत होती आणि दारावरच्या मामांनी थांबवलं. मामा म्हणजे आमचे पहारेकरी. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचे मामाच. ते म्हणाले, "बाई, आभाळात ढग नाही आणि हातात छत्री कशाला?" छत्री उघडली तर आतून फेसक्रीम, दोन टूथब्रश, तीन साबण!

"अगं बाई, आत पडलं वाटतं," म्हणाली. आणि हसली. पाचसहा वस्तू, सगळ्या आपोआप छत्रीत पडल्या!

साहेबांनी कागदावर सही घेऊन सोडलं. पोलीस नको, गवगवा नको. जाताना माझ्या काउंटरशी आली आणि हळूच म्हणाली, "तू तरी मला ओळखतेस ना गं?"

ओळखत होते, तेच तर दुखतंय. अनोळखी माणसानं नेलं असतं तर संध्याकाळपर्यंत विसरले असते.

९ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून दारात पिशव्या उघडून दाखवायच्या. गिऱ्हाइकांत लगेच दोन तट पडले.

एक म्हातारे गृहस्थ. दाढीची पाती हवीत म्हणाले. मी जुडगा घेऊन उठले तर त्यांनी सगळे खिसे माझ्या काउंटरवर रिकामे केले – कंगवा, चष्म्याचं घर, रुमाल, अर्धं बिस्कीट. "बघा. नीट बघा. तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला. आता पात्यांसाठी तुमची परवानगी मागायची!" मी म्हटलं, "सर, तुमच्यावर नाही हो कुणाचा संशय." "मग कुलूप कुणासाठी?" भरलेली टोपली तिथेच टाकून गेले. अर्धं बिस्कीट विसरले.

दुसरा तट आयत्या हेरांचा. एक बाई कानाशी येऊन, "त्या निळ्या शर्टवाल्याकडे जरा लक्ष ठेवा." दहा मिनिटांनी निळा शर्ट माझ्या कानाशी – "त्या बाईकडे जरा..." सुट्टीत चौथीला सांगितलं तर ती हसून हसून चहा सांडून बसली.

पण एक गोष्ट तिलाही सांगितली नाही. रांगेतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "एवढं मोठं दुकान, दोन साबण गेले तर काय दिवाळं निघणार आहे?" आणि मागच्या चौघांनी माना डोलावल्या. चौघांनीही! चांगले कपडे-बिपडे घातलेली माणसं. मला त्या मानांची भीती वाटली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मीटिंग. साहेब खुर्चीवर न बसता टेबलावर टेकून बोलतात, तेव्हा काहीतरी वाईट असतं.

कुलपं लावूनही माल कमी भरतोय. त्यातही कुलपातला माल! साहेब म्हणाले, "काचेतून वस्तू उडून जात नाहीत. कपाटातून निघून त्या काउंटरवरच येतात. म्हणजे आपल्याच डोळ्यांसमोरून जातायत." कुणी कुणाकडे बघेना.

मग पुढचं. महिनाअखेर मशीनं येणार. गिऱ्हाईक स्वतःच वस्तू दाखवणार, स्वतःच पैसे भरणार. तीन आणि चार नंबरमधला एकच माणूस राहील. "ज्या काउंटरबद्दल शंका नाही, तो." एवढं बोलून चहा मागवला. आम्हाला चहा!

टेबलाखालून चौथीनं माझा हात दाबला. तिचाही गारच होता.

ह्यांचा छापखाना बंद पडल्यापासून घर माझ्या पगारावर आहे. ह्यांना मिळेल ते काम, मिळेल तेव्हा. मी बावन्न वर्षांची, गुडघे गेलेले. मला दुसरीकडे कोण उभं करणार? उभं तरी किती वेळ राहवणार!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

झोप नाही लागली. चौथीचाच विचार. तीन आणि चार – कुणीतरी मुद्दाम आम्हा दोघींनाच समोरासमोर उभं केल्यासारखं. खरं तर आम्ही समोरासमोर कधी नसतोच. पाठीला पाठ लावून बसतो, मध्ये चॉकलेटचं बुटकं शेल्फ. तिचं गिऱ्हाईक मला दिसत नाही, माझं तिला. पूर्वी वळून दोन शब्द बोलायचो. हे साहेब आल्यापासून मान वळवली तरी कॅमेऱ्यात बघून मेमो.

आणखी एक नियम – घरच्यांचं बिल आपल्या काउंटरवर करायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं तर नाहीच. चौथीची धाकटी बहीण आली की मुकाट माझ्या रांगेत उभी राहते. मी तिला चेहरा दगडाचा करून विचारते, "पिशवी हवी का, मॅडम?" ती म्हणते, "नको, थँक्यू." सुट्टीत चौथी माझ्या त्या 'मॅडम'ची नक्कल करते.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा अठरा दिवस डबा तिनं आणला. मी सांगितलं नव्हतं. तिच्याकडे काही मागावं लागत नाही, आणि मागितलं तर ती का म्हणून विचारत नाही. सख्ख्या बहिणीनं केलं नाही एवढं.

हे सगळं लिहून ठेवते, कारण नोकरी एकीची जाणारच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ऐकलं ते खरं नसू दे.

संध्याकाळची गर्दी. चौदा वर्षं मी चौथीचं काम पाठीनं ऐकतेय. वस्तू सरकते, मशीन टीं करतं, वस्तू पिशवीत पडते. सरक, टीं, धप. सरक, टीं, धप. तिची लय मला माझ्या घरच्या नळासारखी पाठ आहे. आज मध्येच – सरक, धप. टीं नाही!

वाटलं, मशीन चुकलं असेल. चुकलं की ती जिभेनं 'च्यक' करते आणि वस्तू परत फिरवते. आज च्यकही नाही. दोन वस्तू नीट गेल्या आणि पुन्हा – सरक, धप.

बारकोडवर तळहात ठेवला की मशीनला वस्तू दिसत नाही. ही युक्ती आम्हा दोघींना पहिल्या आठवड्यातच दाखवली होती, असं कधी करू नका म्हणून.

माझ्या हातात कुणाच्या तरी टोमॅटोची पिशवी होती. ती बाई म्हणाली, "अहो, झोपलात का?"

१८ फेब्रुवारी, बुधवार

सुट्टीत तिच्या तोंडाकडे बघत बसले. तेच तोंड. बिस्कीट मोडलं, मोठा तुकडा मला दिला. विचारावं म्हटलं आणि नुसता चहाच ढवळत राहिले. उलट तीच हळू आवाजात म्हणाली, "घरी कशाची कमी पडली तर संकोच करू नकोस हं. आपलंच आहे सगळं."

आपलंच! इकडे माझ्याशी असं गोड बोलायचं आणि तिकडे पाठीमागे हात साफ. तिचं बिस्कीट तसंच कागदात गुंडाळून ठेवलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा. सरक, धप. या वेळी काचेची बाटली – आवाजावरून कॉफी. पंधरा मिनिटांआधी मीच कपाट उघडलं तेव्हा बाहेर आली असणार! एका तासात चारदा ते कपाट उघडलं, दर वेळी मागे उभ्या असलेल्यांनीही हात घालून आपापली घेतली, त्यातली कुठली कोण जाणे. माझ्याच कमरेची किल्ली.

वळून बघावंसं वाटलं. मान अर्धी वळलीही. वर कॅमेरा. परत समोर बघितलं.

घरी येऊन जेवले नाही. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "गुडघे." ह्यांनी तेल गरम करून आणलं. चौदा वर्षांची मैत्रीण केसानं गळा कापतेय, हे ह्यांना कसं सांगू? हे तिला बहीण मानतात.

२३ फेब्रुवारी, सोमवार

चौथीनं माझ्यासाठी गुडघ्यांचा पट्टा आणला. "लाव," म्हणाली. बिलाचा कागद बघितला मी! तिच्या देखत नाही, नंतर. पिशवीच्या तळाशी होता. दुसऱ्या दुकानाचा. रीतसर.

माझी स्वतःची शरम वाटली आणि तिचा रागही तेवढाच आला. हिनं मला असलं कागद तपासणारं माणूस करून टाकलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं.

साहेबांच्या खोलीत दाराशीच उभी राहून सांगितलं. "चार नंबरवर वस्तू सुटतात. मुद्दाम." साहेब म्हणाले, "तुम्ही पाहिलंत?" "नाही. ऐकलं." "ऐकलं?" हसलेच. मग मी त्यांना सरक-टीं-धप करून दाखवलं, त्यांच्याच टेबलावर, त्यांचाच स्टेपलर घेऊन. हसायचे थांबले. वहीत लिहून घेतलं. "ताई, तुमच्यासारखी माणसं हवीत."

तीन आणि चारमधली एकच, हे डोक्यात नव्हतं असं लिहीन तर ही वही मला हसेल. होतं. पण चोरी तिनं केली, मी नाही. माझ्या पाठीला पाठ लावून केली. मला विश्वासात घेतलं असतं, अडचण सांगितली असती, तर मी माझ्या ताटातलं काढून दिलं असतं. तिनं मला मूर्ख समजलं. माझ्या कानांनाही मूर्ख समजलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

तिला सांगून टाकावं का, सावध हो म्हणून? नाही सांगितलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

हे पहाटे वन्संकडे गेले, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. दहाबारा दिवस तिकडेच. बरं झालं. आज घरात माणूस नको होतं.

काल संध्याकाळी साहेब पडद्यासमोर बसूनच होते. कॅमेऱ्यात दिसलं – तळहात बारकोडवर, पात्यांचं पाकीट आणि कॉफी. तो कॅमेरा फक्त आमचे हात आणि गल्ला दाखवतो, गिऱ्हाइकाचा चेहरा नाही. आज सकाळी तिला आत बोलावलं. मलाही बोलावलं! साक्षीदार म्हणून. साहेबांनी विचारलं, "कुणासाठी करत होतात?"

चौथीनं आधी माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघत होती कोण जाणे. मग खाली. साहेब म्हणाले, "नाव सांगा, मी सौम्यपणे घेतो." नाही. "घरचं कुणी?" नाही. "ओळखीचं?" नुसती मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही.

सही केली. ॲप्रन घडी घालून टेबलावर ठेवला, कोपऱ्याला कोपरा जुळवून. दारात माझ्याजवळून जाताना म्हणाली, "माझं जाऊ दे गं. पण तू? तू सांगावंस?"

उलट मलाच! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तेवढंच बरं, नाहीतर तिथेच रडले असते.

२ मार्च, सोमवार

दाराशी माझा फोटो लागला. खाली 'दक्ष कर्मचारी'. फोटोत मी चोरासारखी दिसतेय. मामा रोज "काय तिसरे, पोचलीस?" म्हणायचे. आज म्हणाले, "या." मला मामा अहो-जाहो करायला लागले!

पाठीमागचा काउंटर काढला. तिथे चार मशीनं उभी. पाठीला वारा लागतो.

ह्यांचा फोन आला होता. वन्सं बऱ्या आहेत. चौथीचं काही बोलले नाही. फोनवर काय सांगायचं असलं!

५ मार्च, गुरुवार

माझं काम आता मशीनांजवळ उभं राहायचं आणि लोक काय करतात ते बघायचं. आज एका सद्गृहस्थानं चीजची लादी वजनावर ठेवली आणि पडद्यावर केळ्यांचं चित्र दाबलं. मी म्हटलं, "केळी?" माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "हो, केळी." हातात चीज! मी म्हटलं, "मग सोलून दाखवा." रांग हसली. त्यानं तणतणत चीज तिथेच टाकलं. "इथे माणसाला चोर समजतात," म्हणाला. मागच्या दोघी म्हणाल्या, खरंच हो, फार झालंय हल्ली.

हे चौथीला सांगायचं म्हणून सुट्टीत उठले. उभी राहिल्यावर आठवलं.

मी तिच्यावर चिडलेय आणि तिची आठवणही काढतेय. दोन्ही एकाच वेळी होतं, हे मला माहीत नव्हतं. कुणासाठी केलं असेल तिनं? दिराची पोरं? तो खालच्या मजल्यावरचा? ज्याच्यासाठी केलं तो तरी आता तिच्या दारात डबा घेऊन जात असेल का?

९ मार्च, सोमवार

चौथीची धाकटी बहीण दुकानात आली. मशीनवर एकच वस्तू – काडेपेटी. बोलायलाच आली होती. माझ्याकडे न बघता, पडद्याकडे बघत म्हणाली, "ताईनं निरोप दिलाय. तिनं तुमचं नाव कुठे घेतलं नाही, घेणारही नाही. निर्धास्त राहा."

माझं नाव! मी म्हटलं, "माझं नाव कशाला घेईल ती? मी काय केलं?" पोरीनं मान वर करून बघितलं माझ्याकडे. असं बघितलं की मी एक पाऊल मागे सरले. "ताई म्हणालीच होती तुम्ही असं म्हणाल," एवढं बोलून गेली. काडेपेटी मशीनवरच.

ती काडेपेटी मी परत फडताळावर आपटली. चोरी करायची, पकडलं गेल्यावर तोंड शिवून बसायचं, आणि वर माझ्यावर उपकार केल्याची भाषा! पाहिलं नव्हतं हो असं. माझ्या ऑपरेशनच्या डब्यांचीही आता मला शंका येते. एवढं कुणी कुणासाठी फुकट करतं का? चौदा वर्षांतलं काय खरं होतं, तेच समजेनासं झालंय.

ती भेटली की तोंडावर विचारणार. उद्या-परवा जाणारच तिच्या घरी. माझी काहीच चूक नाही, मग मी का घाबरू?

११ मार्च, बुधवार

हे काल आले. चहा देताना चौथीचं सगळं सांगितलं. ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आपलं नाव नाही ना आलं कुठे?"

"आपलं?"

"अगं, मीच तिला म्हटलं होतं, हिनं सांगितलंय, एखाददुसरी वस्तू बिलात न धरता सोडून द्या म्हणून. तुझं नाव घेतलं, तिनं पुढे एक प्रश्न विचारला नाही. दुकानच्या माणसाला एवढं चालत असेल म्हटलं. तुम्ही दोघी बोलला असालच. मी तिच्या रांगेत, तुझ्या पाठीशीच तर उभा असायचो. तू वळून बघायची नाहीस. मला वाटलं, मुद्दामच बघत नाहीस."

चौथीला वाटतंय, मागितलं मीच. आणि सांगितलंही मीच.